घरचा वाफा

काल संध्याकाळी नदीकडच्या वावरात कोणीतरी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजत होतं. वारा आमच्या बाजूचा होता, त्यामुळे वास थेट ओट्यावर आला. आधी करपलेल्या सालीचा, मग आतल्या गराचा गोडसर, आणि सगळ्यांच्या मागून हिरव्या मिरचीचा, जो नाकात शिरला की शिंक काढूनच थांबतो. खान्देशातल्या माणसाला या वासाने भूक लागते. मलाही लागायची. मागच्या हिवाळ्यापासून मात्र हा वास आला की मला आधी मागचं भरीत आठवतं, भूक नंतर. मी उठून दार लावून घेतलं. नानांनी पेपरातून मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली. नाना म्हणजे आमचे हे. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, मग मीच कशाला वेगळं लिहू?

वांगेसट आठवड्यावर आली आहे. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला आमच्याकडे वांगेसट म्हणतात. आषाढी एकादशीपासून आमच्या घरात वांगं शिजत नाही. त्या दिवशी खंडेरायाला भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्या भाऊबंदांनी वावरात पंगत धरून वर्षाचं पहिलं भरीत खायचं. चार-पाच महिन्यांची आस एका दुपारी भागवायची असते, त्यामुळे माणसं जेवत नाहीत, तुटून पडतात. वाढणाऱ्या बाईचा हात दुखेपर्यंत ‘आजून वाढ’ चालू असतं. एकदाच घेऊन उठणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर रुसलेला.

यंदाही अर्ध्या एकरात वांगी लटकली आहेत. हिरवी, पांढऱ्या रेषांची, एकेक हातात मावणार नाही एवढी. पण मला दिसतो तो मागचा हंगाम.

त्याची सुरुवात झाली धुळ्याला, डॉक्टरांच्या खोलीत. छातीत जळजळ, जेवलं की आळस, आणि साखर काठावर येऊन उभी. डॉक्टरांनी विचारलं, ‘खाता काय?’ मी तोऱ्यात सांगितलं, ‘घरचंच खातो. शेतकरी आहोत आम्ही.’ त्यांनी मान हलवली आणि लिहायला लागले. त्यांना काही वाटलं नसेल. मला मात्र अमळनेरच्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावर ते वाक्य टोचायला लागलं. घरचं म्हणजे काय गं बाई? गहू दुकानातला. तेल पिशवीतलं. तूरडाळ वाण्याकडची. मेथी, कोबी, टमाटे अमळनेरच्या बाजारातले, आणि तेही कुठून कुठून आलेले. आठवड्यातून दोनदा शेवभाजी, तिची शेव कारखान्याची. घरचं होतं ते दूध आणि मीठ लावून ठेवलेलं लोणचं. बाहेर दोन्ही बाजूंनी कपाशी आणि मका, मका आणि कपाशी. डोळ्यांत भरेल एवढी हिरवळ, आणि तिच्यातलं एक पानही माझ्या ताटात येत नव्हतं. शेतकऱ्याची बाई पिशवी घेऊन भाजीला तालुक्याला जाते, यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आणि एकदा वाटलं की माझं डोकं गप्प बसत नाही. हा माझा स्वभाव. नाना त्याला खोड म्हणतात.

मी विहिरीजवळचा अर्धा एकर मागितला. घरात खायला लागतं ते पिकवायला, आणि फवारणीच्या औषधाचा पंप त्या बांधाच्या आत येणार नाही या अटीवर.

नाना ‘बघू’ म्हणाले. नानांचं ‘बघू’ म्हणजे नाही. पण खरा विरोध केला तो भिकनभाऊंनी. भिकनभाऊ माझे धाकटे दीर. शेत खरं तर तेच बघतात. कपाशीच्या बोंडाला हात न लावता ते सांगतात आत अळी आहे की नाही. माझ्याशी ते कधी चढ्या आवाजात बोललेले नाहीत, पण त्या दिवशी जेवता जेवता ताट सरकवून म्हणाले, ‘वहिनी, बठ्ठा वावरमा चांगली जमीन ती शे. तठे तुम्ही मेथी लावशात? भाजीपाला बजारमा भेटस.’

‘बजारमा भेटस ते काय खाईसन वाढस, ते सांगा मग,’ मी म्हटलं.

‘जे बठ्ठं जग खाईसन वाढस तेच.’

बठ्ठं म्हणजे सगळं. सगळ्या जगाशी कोण भांडणार? मी अबोला धरला आणि तीन दिवस कोरडी भाकरी वाढली. चौथ्या दिवशी नानांनी अर्ध्या एकरात बैल पाठवले. माझा अबोला स्वस्त नाही, हे घराला ठाऊक आहे.

श्रावणातली ती माती अजून बोटांना आठवते. वांग्याची रोपं लावताना नखात शिरलेली, दुसऱ्या दिवशी पीठ मळतानाही निघत नव्हती. भाद्रपदात मेथी इतकी दाट उगवली की मी वेड्यासारखी रोज सकाळी नुसती बघायला जायची. लसणाच्या पाकळ्या, मिरची, अंबाडी, उडीद. मागच्या कडेला दादर, म्हणजे आमची हिवाळी ज्वारी. निंबोळ्या भिजवून, वाटून, त्यांचं कडू पाणी शिंपायचं. हाताचा कडवटपणा जेवताना घासात उतरायचा. नाना म्हणायचे, ‘आता भाकरी पण निंबाची का?’

जेवणात खरं रण पेटलं. मी गव्हाच्या पोळ्या कमी केल्या आणि उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरी वाढवल्या. शेवभाजी बंद. बंद म्हणजे काय, नाना अमळनेरला गेले की खाऊन यायचे आणि तोंडाला वास येऊ नये म्हणून बडीशेप चावत घरात शिरायचे. मला का कळत नव्हतं? पण साखर माझी काठावर होती, त्यांची नव्हती. मग मी स्वतःलाच विचारायची, हे सगळं मी माझ्या शरीरासाठी चालवलंय की हट्टासाठी? जळजळ कमी झाली होती, हे खरं. पण ती खाण्यामुळे की रोज वावरात राबल्यामुळे, हे देव जाणे. मी डॉक्टर नाही. मला एवढंच कळत होतं की ताटातल्या प्रत्येक जिन्नसाला मी नावाने ओळखते आणि त्याने मला बरं वाटतं.

भाजी घरात संपेना. मग धुळ्याच्या आणि अमळनेरच्या ओळखीच्या काही घरांना द्यायला लागले. शनिवारी सकाळी नाना मोटारसायकलला थैल्या लटकवून निघायचे. कुरकुर करत, पण निघायचे. त्या घरांपैकी एक धुळ्याची मनीषा, माझ्या मैत्रिणीची लेक, शाळेत शिकवते. तिची मुलगी नुकतीच वरणभात सोडून भाजी चाखायला लागली होती. पहिल्याच वेळी तिने फोन केला. ‘काकू, मी जास्त काही विचारत नाही. तुम्ही घरी खाता तेच देताय ना?’

मी म्हटलं, ‘तेच. ताट एकच.’

हे दोन शब्द मी इतक्या सहज दिले की जणू फुकटचे होते. मग सगळ्यांनाच देत सुटले. ताट एकच. माझ्या अर्ध्या एकराची सगळी किंमत त्या दोन शब्दांत होती. भाजी काय, बाजारात याहून टवटवीत मिळते. माणसं माझ्याकडून घेत होती तो भरवसा.

कार्तिकात वांग्यांचे शेंडे माना टाकायला लागले. वांगं पिकवणाऱ्याला यापुढे सांगावं लागत नाही. शेंडा सुकला की आत अळी, आणि शेंड्यातली अळी उद्या फळात. मी सकाळ-संध्याकाळ सुकलेले शेंडे खुडून पदरात घ्यायची आणि घरी येऊन चुलीत घालायची. निंबोळीचं पाणी चालूच होतं. तरी रोज नवे शेंडे मान टाकत होते. वांगेसटीला प्रत्येक घराला भरताची वांगी द्यायचं कबूल केलं होतं, भाऊबंदांची पंगत होती ती वेगळीच. मला झोपेत सुद्धा वांगं कापल्यावर आत दिसते ती काळी वाट दिसायची. भाऊबंद बांधावरून जाताना विचारायचे, ‘काय म्हणस बगीचा?’ त्या ‘बगीचा’ शब्दात काय असायचं ते मला बरोबर ऐकू यायचं. भिकनभाऊ मात्र रोज यायचे. बांधावर उभे राहायचे, शेंड्यांकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि निघून जायचे.

एक दिवस मला तपासणीसाठी धुळ्याला जावं लागलं. साखर उतरली होती. बऱ्याच दिवसांनी मन हलकं झालं. परतताना एस.टी.तून उतरले ती घरी न जाता थेट वावरात गेले. बांधाला पाय लावला आणि तिथेच थांबले.

औषधाचा वास ओळखायला शिकावं लागत नाही. कपाशीच्या दिवसांत सगळं गाव त्याच वासात जेवतं, झोपतं. पण माझ्या वांग्यांत तो पहिल्यांदाच आला होता. पानांवर थेंब वाळून पांढुरके डाग पडले होते. विहिरीवर भिकनभाऊ पंप धूत होते. त्यांनी मला पाहिलं आणि हसले. खरंच, तोंडभर हसले. आजारातून उठलेल्या माणसाची खबर आणावी तसे.

‘वहिनी, आते काळजी करू नका. बठ्ठी मेहनत वाया जाती तुमनी. लोके हासतीन, ते माले देखाई नई.’

मी पानावरचा डाग नखाने खरवडून पाहिला. त्यांना वाटलं मला नीट कळलं नाही. त्यांनी घाईघाईने विहिरीच्या कडेच्या वाफ्याकडे बोट केलं. ‘घरना वाफाले थेंब बी लागू दिधा नई. वारा देखीसन फवारं मी.’

आता घरचा वाफा म्हणजे काय ते सांगते, कारण गावाबाहेरच्या माणसाला ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे जो कोणी भाजी लावतो तो विहिरीलगत दोन ओळी सोडतो. बाकीच्या वावरात औषध पडतं, त्या दोन ओळींत पडत नाही. बाकीचं बाजारात जातं, त्या दोन ओळींचं चुलीवर. यात कोणी कोणाला फसवतोय असं कोणाच्या मनातही नसतं. अंगणात सडा घालतात, तसा घरचा वाफा राखतात. भिकनभाऊंनी जन्मभर हेच पाहिलं. आणि तो वाफा कोरडा ठेवण्यात त्यांनी त्या दिवशी जी काळजी घेतली, ती त्यांची माया होती. हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानेच जास्त संताप आला.

मी बोलले. जे नको ते बोलले. माझ्या कबुलीचं काय, माझ्या शब्दाचं काय, माझ्या वावरात सगळं एकच होतं, सगळं घरचंच होतं, तुम्ही त्याचे दोन तुकडे केले. भिकनभाऊ ऐकत राहिले. हसू कधीच मावळलं होतं. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी साधेपणाने विचारलं,

‘मंग तुम्ही घरना वाफा आल्लग कसाले राखा, वहिनी?’

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी त्या दोन ओळींकडे पाहिलं. विहिरीलगत, बाकीच्यांपासून एक पाऊल सोडून, मीच लावलेल्या. शेणखत तिथे ओंजळभर जास्त पडायचं. शेंडे खुडायला मी आधी तिथेच जायची. घरात भाजी हवी की हात तिकडेच वळायचा. ना मी कधी ठरवलं, ना कोणी सांगितलं. जिथे औषधच पडणार नव्हतं तिथे औषधापासून राखलेला वाफा कशाला हवा होता? भिकनभाऊंनी माझं वावर वाचलं होतं, आणि बरोबर वाचलं होतं. ज्या अर्थी घरचा वाफा आहे, त्या अर्थी बाकीचं बाजाराचं. म्हणजे फवारायला हरकत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी जगाला सुनावत होते आणि वाफे पाडताना माझ्याच हाताने तेच लिहून ठेवलं होतं. मला रडू आलं. भिकनभाऊंना वाटलं त्यांच्यामुळे, ते पंप तसाच टाकून निघून गेले.

घरी नानांनी औषधाची बाटली मागवून घेतली, चष्मा लावून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही, ते लिहिलेलं असतं. ‘सटीच्या आदल्या दिनले दिन सरी जातस,’ ते म्हणाले. ‘मंग काय हरकत शे? धुईसन खातीन. बजारनं खातस तठे कोण बाटली वाचस?’ आणि घरच्या वाफ्यात मोजकीच वांगी होती. एकतर गिऱ्हाइकांच्या थैल्या भरल्या असत्या, नाहीतर आमची पंगत. दोन्ही नाही.

नानांचं चुकत नव्हतं. हाच तर घोळ होता. त्या दिवसांत घरात कोणाचंच चुकत नव्हतं. भिकनभाऊ जेवायला यायचे, खाली मान घालून जेवायचे, ‘चांगलं शे’ म्हणायचे आणि उठायचे. मी सारखी फोन हातात घेऊन खाली ठेवायची.

शेवटी लावला. मनीषाला सगळं सांगितलं. फवारलंय, कोणी फवारलं, का फवारलं, बाटलीवर काय लिहिलंय. दिवस उलटून जातील, तरी आधी सांगितलेलं बरं, असंही म्हटलं.  मागे तिची लेक ताटली आपटत होती. मग तिने विचारलं, ‘काकू, सटीला तुमच्या घरी कुठली वांगी आहेत?’

तिने चिडून विचारलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. तिने हवापाणी विचारावं तसं विचारलं. खरं उत्तर होतं, घरच्या वाफ्यातली. ते ओठावर आलं आणि तिथेच थांबलं.

‘तू काळजी करू नको,’ मी म्हटलं. ‘सटीला सकाळी थैली येईल. न फवारलेल्या ओळींतली.’

फोन ठेवला आणि नानांना सांगितलं, घरचा वाफा गिऱ्हाइकांना जाईल. नाना बघतच राहिले. ‘आन् आपली पंगत?’

‘दिन सरी जातस ना? मंग आपण खासुत.’

नाना दिवस उलटल्याचं बोलले होते, ते शहरातल्या लोकांबद्दल. ते आपल्याच ताटात येईल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘भाऊबंदेसले सांगशी?’ मी म्हटलं, सांगणार. भिकनभाऊ दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, ‘मी सांगस,’ आणि वळून चालायला लागले. त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. कोणी म्हणालं, त्यात काय, बाजारचंच तर खातो. कोणी हसलं. आले मात्र सगळे.

सटीच्या सकाळी दंव इतकं होतं की वांगी तोडताना बाह्या भिजल्या. थैल्या भरून नाना धुळ्याच्या वाटेला लागले आणि वेळेत परत आले. घरच्या वाफ्यात एक वांगं त्यांनी मागे ठेवलं होतं, पानाआड. मी पाहिलं. ‘देवले,’ ते पुटपुटले. मी म्हणणार होते की नैवेद्य म्हणजे आपण खातो तेच. पण नवऱ्याचं तोंड पाहून राहू दिलं. देवाशी भांडण एका सणात पुरे.

बाकीची वांगी भिकनभाऊंनी स्वतः तोडली, फवारलेल्या ओळींतली. टोपलीत रचली तेव्हा मान्य करावं लागलं, दिसायला फार देखणी होती. एकाला भोक नाही. पऱ्हाट्यांच्या जाळावर साल तडतडली, पाणी सुटलं, आणि वास आला. तोच. मी जाळाशी बसून मुद्दाम श्वास ओढून पाहिला, काही वेगळं लागतं का. काही लागलं नाही. बायकांनी साली काढल्या, लाकडी डोणीत गर, भाजलेल्या मिरच्या आणि लसूण घालून दांडक्यांनी कुटलं. शेंगदाणे, तेलाची फोडणी, वर कांद्याची पात. तळी भरली, भंडारा उधळला, देवाचं पान देवाला गेलं.

मग पंगत बसली. मी वाढलं. पहिला घास कोण घेतो याकडे सगळे एकमेकांची नजर चुकवून बघत होते. भिकनभाऊंनी भाकरी मोडली, भरीत घेतलं आणि खाल्लं. शांतपणे, खाली बघत, ताट पुसेपर्यंत. मी माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि खाल्लं. मग नाना. मग सगळेच.

भरीत उत्तम झालं होतं. इतकं चांगलं भरीत आमच्या वावरात कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. मी पातेलं घेऊन पुन्हा उठले, पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. दुसऱ्यांदा कोणी मागितलं नाही.